सागरसेवा : परदेशी आणि स्वदेशी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात खडकवासला येथे शिक्षणसाहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



शिक्षणसाहाय्य समितीच्या वतीने चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. दरवर्षी या प्रसंगी आम्ही उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नामावली वाचतो, देणगीदारांचे आभार मानतो आणि आपल्या जागी जाऊन बसतो. यंदा मात्र समितीपुढे असा एक अर्ज आला आहे की, त्याचा निर्णय आम्ही पाचसात जणांनी बंद दाराआड करावा हे आम्हांस उचित वाटले नाही. निधी आपणां सर्वांचा आहे. तेव्हा त्याचा विनियोग कोणत्या तत्त्वाने व्हावा, याचा विचारही सर्वांनी मिळूनच केला पाहिजे.

अर्ज आपल्याच ज्ञातीतील एका मुलीचा आहे. ती प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. तिने पदव्युत्तर शिक्षणासाठी साहाय्य मागितलेले नाही किंवा परदेशी विद्यापीठाच्या शुल्कासाठीही मागितलेले नाही. मालदीव बेटांच्या समुद्रात 'मँटा रे' नामक प्रचंड माशाचे संशोधन व संरक्षण चालते. तेथे तीन महिने स्वयंसेवक म्हणून काम करण्याची तिची इच्छा आहे, आणि प्रवास व निवास यांच्या खर्चाचा काही भार मंडळाने उचलावा अशी तिची विनंती आहे.

हा अर्ज वाचला गेला तेव्हा समितीत एकमत झाले नाही, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मासे मोजायला मालदीवला जायचे, आणि त्याचे पैसे ज्ञातीने द्यायचे?" दुसऱ्या सभासदांचे म्हणणे असे की, जेथे काम करणाऱ्यालाच उलट पैसे भरावे लागतात ती सेवा कसली, तो सहलीचाच एक नवा प्रकार होय. आमच्या एका वयोवृद्ध भगिनींनी विचारले, "पोर तीन महिने परक्या मुलखात, बोटीवर, तिच्या आईच्या जिवाला किती घोर!" या तीनही शंका प्रामाणिक आहेत. त्या हसण्यावारी नेऊन चालणार नाही. म्हणून प्रथम हे कार्य काय आहे ते पाहू, आणि मग या शंकांकडे वळू.

आपणांपैकी ज्यांचे बालपण कोकणात गेले, त्यांनी बाजारात किंवा बंदरावर पाकट मासा पाहिलेला असेल. चपटे, पसरट अंग आणि मागे चाबकासारखी लांब शेपटी. शेपटीच्या मुळाजवळ विषारी काटा असतो आणि त्याचा दंश झालेला मनुष्य तो कधी विसरत नाही. मुशी म्हणजे शार्क आणि पाकट हे एकाच घराण्यातले. त्यांच्या अंगात हाड नसते. सारा सांगाडा कूर्चेचा असतो. मँटा हा याच कुळातील महाकाय मासा होय. त्याला दंश करणारा काटा नाही, आणि मोठे भक्ष्य फाडून खाण्याची त्याची रीत नाही. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव तो कल्ल्यांतून गाळून खातो. त्याच्या दोन जाती १९०० पासूनच्या शतकात बहुधा एकच मानल्या जात. त्या वेगवेगळ्या असल्याचे २००९ साली शास्त्रीय रीतीने मांडण्यात आले. त्यांतील खोल समुद्रातील मोठी जात एका पराच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सात मीटर रुंद वाढू शकते. आपल्या घरातील दिवाणखानाही बहुधा एवढा रुंद नसतो.

एवढ्या बलाढ्य प्राण्याचे रक्षण करण्याची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच्या संततीत आहे. बांगडा किंवा तारली यांसारखे मासे एका हंगामात हजारो अंडी घालतात. त्यांतली बहुतेक नष्ट झाली तरी वंश टिकतो. मँटाची मादी सुमारे वर्षभर गर्भ वाहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. दोन बाळंतपणांत कित्येकदा दोन ते पाच वर्षांचे अंतर असते. ज्या प्राण्याची वंशवृद्धी इतकी सावकाश, त्याची मासेमारी वेगाने होऊ लागली तर मुद्दल संपण्यास वेळ लागत नाही. घरचा जमाखर्च ठेवणाऱ्या प्रत्येक भगिनीस हे गणित समजते. मँटाच्या कल्ल्यांतील पट्ट्यांना पूर्व आशियातील औषधी बाजारात मागणी निर्माण झाली, आणि जे पूर्वी क्वचित मारले जात ते हेतुपुरस्सर मारले जाऊ लागले. खुल्या समुद्रातील मुशी व पाकट वर्गाच्या माशांची संख्या १९७० नंतरच्या अर्धशतकात सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या साऱ्या वर्गातील एक तृतीयांशाहून अधिक जाती आज नष्ट होण्याच्या धोक्यात गणल्या जातात.

आता संशोधन कसे चालते ते पाहू. मँटाच्या पोटावर काळे ठिपके असतात, आणि जशी दोन माणसांच्या अंगठ्यांची ठशी सारखी नसतात तशी दोन मँटांच्या पोटावरची ठिपक्यांची रचना सारखी नसते. म्हणून त्याला पकडावे लागत नाही, त्याच्या अंगाला भोक पाडून बिल्ला लावावा लागत नाही. पाण्यात उतरून त्याच्या पोटाचे स्वच्छ छायाचित्र घेतले की पुरे. ते जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहायचे; जुळले तर हा अमुक साली अमुक ठिकाणी दिसलेला तोच होय, न जुळले तर नव्या क्रमांकाने त्याची नोंद करायची. मालदीवमध्ये गाय स्टीव्हन्स या संशोधकाने २००५ साली अशा नोंदींचे काम हाती घेतले, आणि पुढे २०११ साली त्यातूनच 'मँटा ट्रस्ट' ही संस्था उभी राहिली. आज त्या वहीत हजारो मँटांची ओळख नमूद आहे. कोण कोठून कोठे जातो, कोणती मादी गाभण आहे, कोणाच्या पराला जाळ्याची किंवा बोटीची जखम झाली आहे, हे या वहीवरून कळते.

स्वयंसेवकाचे काम ते हेच. उन्हात दिवसभर होडीवर बसायचे, पाण्यात उतरायचे, छायाचित्रे घ्यायची. वेळ, जागा, पाण्याची स्थिती टिपायची. संध्याकाळी इतर लोक किनाऱ्यावर वाऱ्यावर बसले असता आपण दिव्याखाली बसून ठिपके ताडायचे. अनेक दिवस एकही मँटा दिसत नाही. त्या दिवशी 'आढळला नाही' अशी नोंद करायची, कारण न दिसणे हीदेखील शास्त्राच्या दृष्टीने माहितीच होय. यात शौर्याची प्रौढी मिरवण्यास फारसा वाव नाही. हे कारकुनाच्या चिकाटीचे काम आहे, आणि चिकाटीची कारकुनी आपल्या ज्ञातीला अपरिचित आहे असे कोणी म्हणणार नाही!

मालदीवमधील बा नावाच्या प्रवाळद्वीपसमूहात हानिफारू नावाची एक लहानशी खाडी आहे. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागतात, पानशेत-वरसगावचे पाणी वाढू लागते आणि हा समोरचा खडकवासल्याचा जलाशय तुडुंब भरतो, त्याच महिन्यांत त्याच वाऱ्यांच्या ऋतूत तिकडे सूक्ष्म जीवांचे थवेच्या थवे प्रवाहाबरोबर त्या खाडीत कोंडले जातात. ते खाण्यासाठी कधी कधी शंभराहून अधिक मँटा एकत्र जमतात. ज्या ऋतूची आपण येथे छत्री उघडून वाट पाहतो, त्याच ऋतूची ते मुके प्राणी तेथे वाट पाहत असतात. समुद्र आपल्यापासून दूर आहे असे पुणेकरांस वाटते. पण आपल्या नळाला येणारे पाणी मुळात त्याच समुद्रावरून आलेले आहे.

मालदीवच्या शासनाने १९९५ साली पाकट वर्गाच्या माशांची निर्यात बंद केली. हानिफारू २००९ साली संरक्षित झाले, आणि २०११ साली बा द्वीपसमूहास युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. त्या खाडीत हवेची नळकांडी पाठीवर घेऊन बुडी मारण्यास मनाई आहे, एका वेळी किती लोकांनी पाण्यात उतरावे याला मर्यादा आहे, आणि प्राण्याला स्पर्श करणे वर्ज्य आहे. हे नियम नुसत्या भूतदयेतून झाले असे नव्हे. २००६ ते २००८ या काळातील पाहणीनुसार मँटा पाहण्यासाठी येणारे लोक त्या देशात वर्षाला सुमारे ८१ लक्ष डॉलर खर्च करीत होते. जिवंत प्राणी मेलेल्या प्राण्यापेक्षा अधिक मिळवून देतो हे ध्यानात आले, म्हणून नियमांना पाठबळ मिळाले. प्राणिव्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारातही मार्च २०१३ मध्ये बँकॉक येथे मँटाचा समावेश झाला. असे निर्णय कळवळ्याने होत नाहीत, ते पुराव्याने होतात; आणि पुरावा म्हणजे अनेकांनी अनेक वर्षे धरलेली वही.

तेव्हा पहिल्या शंकेचे उत्तर असे की, मासे मोजणे हे हलके काम नव्हे. आपण खडकवासल्यात जमलो आहोत म्हणून एक उदाहरण देतो. येथून हाकेच्या अंतरावर केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्याच्या प्रश्नांसाठी एक लहानशी शाखा निघाली, तिचाच हा विस्तार होय. आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबे त्याच नोकरीच्या निमित्ताने या परिसरात स्थायिक झाली. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या कुशीत, त्या आवारात बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधतात, त्यांत लाटा उठवतात, आणि धक्का कोठे बांधावा, गाळ कोठे साचेल, याची मोजणी करतात. एक दगड समुद्रात टाकण्यापूर्वी महिनेच्या महिने मोजमाप चालते. धक्क्यासाठी जी शिस्त आपण आवश्यक मानतो, ती समुद्रातील जिवांसाठी अनावश्यक कशी ठरेल?

दुसरी शंका अशी की, पैसे भरून सेवा कसली? ही शंका अगदीच निराधार नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. परदेशी प्रकल्पांत बहुधा स्वयंसेवकाकडून शुल्क घेतात. होडीचे इंधन, जेवण, निवास, शिकविणाऱ्यांचा वेळ, यांचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. म्हणून शुल्क घेणे हे स्वतः काही पाप नव्हे. परंतु संशोधनाचे नाव पुढे करून केवळ सहली चालविणारेही जगात आहेत. म्हणून पालकांनी पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. त्या प्रकल्पाचे निष्कर्ष कोठे प्रसिद्ध झाले आहेत? तेथील शासनाची परवानगी आहे काय? गोळा केलेली माहिती कोणाकडे राहते आणि कोण वापरते? त्या देशातील तरुणांना तेथे शिकवितात व पगारी कामावर नेमतात काय, की सारे काम परदेशी पाहुणेच करतात? प्राण्यांना हात लावू देतात काय? ज्या जाहिरातीत मनुष्य प्राण्याला कवटाळून हसत आहे, ती पाहताच अर्ज फाडून टाकावा. शेवटी, पाण्यातील अपघातासाठी विमा, प्रथमोपचार आणि जवळचे रुग्णालय यांची काय व्यवस्था आहे? या प्रश्नांना जो सरळ उत्तर देत नाही, त्याच्या हाती आपले मूल आणि आपला पैसा, दोन्ही देऊ नये.

आईच्या जिवाचा घोर या तिसऱ्या शंकेचे अर्धे उत्तर याच प्रश्नांत आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी समितीचे मत स्पष्ट आहे. हाच अर्ज एखाद्या मुलाने केला असता तर आपण पोहता येते काय एवढेच विचारले असते. तोच प्रश्न मुलीस विचारावा, अधिक नव्हे आणि उणाही नव्हे. काळजी दोघांचीही करावी. परंतु काळजीचे रूपांतर मनाईत होते तेव्हा ते बहुधा मुलींच्याच बाबतीत होते, ही गोष्ट आपण मनाशी तपासून पाहावी.

एवढे सांगितल्यावर कोणास वाटेल की, आम्ही त्या अर्जाची वकिली करीत आहोत. ती करण्यापूर्वी आम्हांस आणखी एक प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तोच आजच्या भाषणाचा गाभा होय. जो मासा मालदीवमध्ये मोजावयाचा, त्याचे भाऊबंद आपल्या रत्नागिरी-मालवणच्या बंदरावर रोज उतरतात. ते कोण मोजतो?

आपल्या कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ गाव कोकणात आहे. गणपतीस आपण जातो, आंब्याच्या दिवसांत जातो, पुळणीवर फिरून येतो. पण पहाटे बंदरावर जाऊन, लिलावासाठी मांडलेल्या टोपल्यांत काय आले आहे ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक हे काम करतात. काही तरुण संशोधकही मालवणसारख्या ठिकाणी राहून करतात. पाकट माशाची लांबी घेत नाहीत, रुंदी घेतात, कारण शेपटी पुष्कळदा तुटलेली असते. नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन दांड्यांसारखे अवयव असतात, त्यांवरून नर-मादी आणि वयात आला की नाही हे कळते. मादी गाभण आहे काय, कोणत्या जाळ्यात सापडली, किती खोलीवर, हे विचारून लिहायचे. याच कुळातील करवतीसारख्या लांब सोंडेचा करवत मासा आपल्या समुद्रात आता क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतो. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु पूर्वी तो किती होता याची नीट मोजदाद नसल्याने, आपण किती गमावले हे सांगणेही कठीण झाले आहे.

स्वदेशी सागरसेवा फळास येते याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव म्हणून पुणेकरांच्या परिचयाचे आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी किनाऱ्याने फिरत होते. २००२ साली वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. घरटी उकरून अंडी नेली जात होती. संस्थेने गावाशी भांडण मांडले नाही. गावालाच कामात घेतले. पहाटे पुळण पालथी घालून मादीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी मोजून काढायची, त्याच किनाऱ्यावर कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरायची, तारीख लिहायची, आणि सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले पाण्याकडे सोडायची, असा क्रम सुरू झाला. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला; पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, भात-आमटी जेवतात आणि त्याचे मोल देतात. अंडी राखण्यात गावाचाच लाभ आहे, हे गावास पटले. पुढे ही पद्धत कोकणातील इतर अनेक गावांनी उचलली, आणि 'कासवमित्र' हा शब्द आता किनाऱ्यावर सन्मानाने उच्चारला जातो.

या कामातून शास्त्राला काय मिळाले तेही पाहा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला 'प्रथमा' हे नाव दिले गेले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांचा असा माग घेण्याचा तो पहिलाच उपक्रम होता. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायाला धातूची खूणपट्टी आढळली. क्रमांक ताडून पाहता ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली निघाली. पूर्व किनाऱ्याचे कासव सारे द्वीपकल्प वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आले! कोणीतरी ओडिशात क्रमांक नीट लिहिला होता, आणि कोणीतरी गुहागरात पहाटे तो नीट वाचला. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. ओळख होती ती वहीची.

आता ज्ञातीचा प्रश्न. आपण बहुतेक लेखणीवर जगणारे लोक. समुद्र आपण पाहतो तो काठावरून. समुद्रात जातात ते कोळी, गाबीत, दालदी, खारवी. पाकट मासा कोणत्या तळावर मिळतो, कोणत्या वाऱ्यात मुशी वर येते, हे ज्ञान तांडेलाच्या डोक्यात आहे, पुस्तकात त्याचा अल्पांशच उतरला आहे. म्हणून आपल्या मुलांनी तेथे शिकवावयास जाऊ नये, शिकावयास जावे. मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, परंतु आपली उपजीविका जाईल या भीतीने मच्छीमारांनी त्यास दीर्घ काळ विरोध केला. संरक्षणाचा भार ज्याच्या पाठीवर पडतो, त्याला प्रथम विचारात न घेतल्यास काय होते, याचा तो धडा आहे. याउलट २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशी योजना काढली की, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. सुटकेची छायाचित्रे हा त्याचा पुरावा. तेव्हा मालदीवात जे छायाचित्र शास्त्रज्ञ घेतो, ते येथे खलाशी घेतो. भूतदयेचा सारा खर्च गरिबाच्या जाळ्यातून वसूल करणे हा धर्म नव्हे, हे त्या योजनेने मान्य केले.

कोणी म्हणेल, ज्ञातीचा निधी ज्ञातीच्या मुलांसाठी आहे, माशांसाठी नव्हे. आमचे नम्र उत्तर असे की, ज्ञातिसंस्था ही जिन्याची पायरी आहे. पायरीवर पाय ठेवून वर जावयाचे असते, तिच्यावर घर बांधावयाचे नसते. आपल्या साहाय्याने पुढे गेलेली मुलगी कोळ्याच्या होडीत बसून त्याच्याकडून माशांची नावे लिहून घेईल, तर निधी वाया गेला असे आम्ही मानणार नाही. तो कारणी लागला असेच मानू.

या साऱ्या विचारातून समितीने जो ठराव सिद्ध केला आहे, तो आपल्यापुढे ठेवतो.

निसर्गसेवेसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या ज्ञातीतील तरुण-तरुणींस मंडळाने साहाय्य द्यावे. परंतु अर्जदाराने त्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावर, अरण्यात किंवा जलाशयावर एक संपूर्ण हंगाम तसेच काम केलेले असावे. मंडळाने निम्म्याहून अधिक खर्च देऊ नये. उरलेला अर्जदाराने स्वतः उभा करावा, म्हणजे हौस आणि निष्ठा यांतील भेद आपोआप कळेल. वर सांगितलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे अर्जासोबत जोडावीत. पाण्यातील कामासाठी जाणाऱ्याने पोहण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले असावे. ते पोहण्याच्या तलावात घ्यावे, या समोरच्या धरणाच्या पाण्यात नव्हे, कारण येथे दरवर्षी जीव जातात. आणि परत आल्यावर त्याने एक वर्षाच्या आत कोकणातील एका तरी शाळेत व या संमेलनात आपल्या कामाचा वृत्तांत सांगावा.

पहिल्या अटीवर आमचा विशेष भर आहे, आणि तिचे कारण याच गावात पाहावयास मिळते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ साली खडकवासल्यात सुरू झाली. तेथील छात्र याच जलाशयाच्या 'पीकॉक बे' नामक भागात शीड आणि वल्हे हाती धरण्यास शिकतात. त्यांतले काही पुढे नौदलात जाऊन महासागर ओलांडतात. त्यांना आरंभीच कोणी भर समुद्रात लोटत नाही. घरच्या पाण्यात हात बसला की मग दर्या. तोच न्याय येथे लावावा. आपल्या पुळणीवर पहाटे उठण्याचा ज्याला कंटाळा, तो हानिफारूच्या खाडीतही उशिराच उठेल.

हा ठरावाचा मसुदा समितीने त्या मुलीस आधीच कळविला होता. तिचे उत्तर दोनच ओळींचे आले. ती लिहिते की, अट तिला मान्य आहे. येत्या कासवांच्या हंगामात ती कोकणात राहील, आणि मालदीवचा अर्ज एक वर्षाने पुन्हा करील. तिच्या मातोश्री या सभेस उपस्थित आहेत. त्यांनी आम्हांस सांगितले की, घोर कमी झालेला नाही, पण मुलगी पहिल्या वर्षी एस.टी.च्या एका रात्रीच्या अंतरावर असेल, एवढे समाधान आहे.

बंधुभगिनींनो, ठराव मान्य करावा की अमान्य, हे आता आपल्या हाती आहे. तो मान्य झाला तर आपल्या वार्षिक अहवालात उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या नामावलीबरोबर आणखी एक लहानशी यादी छापावी लागेल: कोणी कोठे, किती दिवस, काय मोजले. त्या यादीत पहिल्या वर्षी एकच नाव असेल. निधीच्या खतावणीतही पहिल्या पानावर एकाच देणगीदाराचे नाव होते, याचे आपणांस स्मरण असेलच.

समितीच्या वतीने ठराव अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो.